बार्नेट, हडपसर

बाबा दारूगोळा कारखान्यात गेज तपासायचे,
छत्तीस वर्षं. केसाएवढा फरक
आधी बोटांना कळायचा, मग डोळ्यांना.
आता हडपसरला, सातव्या मजल्यावर,
टेबल-टेनिसच्या जुन्या टेबलावर
बार्नेटची लढाई मांडून बसलेत:
शिशाची चारशे बारा माणसं,
अंगठ्याएवढी, प्रत्येकाला स्वतःचं नाक.

एक घराणं यॉर्कचं, एक लँकेस्टरचं.
"म्हणजे भाऊबंदच," बाबा म्हणतात,
"एकाच खापरपणजोबाची गादी."
लँकेस्टरकडून तुंगारे काका.
पिंपरीहून दर रविवारी दोन बस बदलून येतात,
डब्यात सुरळीच्या वड्या,
खिशात स्वतःचे फासे.

धुकं माझ्याकडे.
जुन्या उशीतला कापूस पिंजून टेबलभर पसरते.
चौदाशे एकाहत्तर, ईस्टरची पहाट,
हातभर पुढचा माणूस दिसेना,
दिसे तो छातीवरचा बिल्ला.
राजाचा, तळपणारा सूर्य.
ऑक्सफर्डच्या सरदाराचा, किरणं फुटलेला तारा.
तारेवाले माघारी आले आपल्याच फौजेकडे
आणि आपल्याच तिरंदाजांनी त्यांना
सूर्य समजून टिपलं.
मग "दगा! दगा!" अशी बोंब.
दगा कुणीच दिला नव्हता.

आपल्या खिडकीखालीही लढाई झाली होती ना, मी विचारते,
शिंदे आणि होळकर, ऐन दिवाळीत?
ती का नाही मांडत?
बाबा ब्रश थिनरमध्ये बुडवतात.
"दोन्हीकडे तशीच पागोटी, तशाच शिव्या.
पाणी मागायचा शब्दसुद्धा एक.
कुणाला कुठला रंग देऊ?"

तिसऱ्या चालीला काकांनी ऑक्सफर्डची माणसं उचलली.
चाळीस.
चष्मा कपाळावर सरकवून
एकेकाची छाती पाहिली.
मीही पाहिली.
गेज तपासणाऱ्या माणसानं
चाळिसांच्या चाळीस छातींवर
सूर्य रंगवला होता.
सुबक. एकही किरण रेषेबाहेर नाही.

मोतीबिंदूचं बाबा बोलू देत नाहीत.
"बल्ब बदला," म्हणतात.

काकांनी माणसं परत कापसात ठेवली.
"बेलसरे, धुकं फार आहे हो आज."
आणि फासे टाकले,
स्वतःच्याच माणसांवर.
सहा. पाच. सहा.
"दगा!" बाबा टाळी वाजवून ओरडले,
"बघ, तुंगारे, तस्संच झालं, तस्संच!"

मेलेली माणसं सुरळीच्या रिकाम्या डब्यात पडत गेली.
शेवटच्याला बाबांनी अंगठ्यानं चाचपलं,
रंगाचा थर, किरणांची टोकं.
जरा जास्तच वेळ.
मग त्यालाही डब्यात सोडलं
आणि चहाचं विचारलं.

लिफ्टपाशी काका मला म्हणाले,
"डॉक्टरांची तारीख घेऊन टाक.
ही चाळीस मात्र
पुन्हा रंगवू देऊ नकोस."