लाल धुळीचं दफ्तर

बेरेकपार्टच्या स्पर्धेचा इतिहास
कुणाकडे लिहिलेला नाही.
वही होती. सत्तरच्या पुरात तिसा नदीने नेली,
आणि वही लिहिणारे सरचिटणीस
त्याआधीच गेले होते व्हिएन्नाला,
दोन दिवसांचं सांगून.

म्हणून व्हेंडेलला विचारायचं.
तो कोर्ट झाडतो, साठ वर्षं.
तो बोलत नाही. फावडं घेतो,
बेसलाइनच्या मागे हातभर खणतो
आणि खड्ड्याची कड दाखवतो: वाच.

सगळ्यात खाली कोळशाची खर.
तिच्यावर पहिली लाली, सत्तावीस सालची.
मोर वाइनबेर्गरची वीटभट्टी होती.
भाजताना वाकलेल्या विटा घेणार कोण?
त्याने त्या दळल्या, पसरल्या, वर चुन्याच्या रेघा मारल्या,
आणि पहिल्या विजेत्याला दिलं
जर्दाळूच्या दारूचं एक पिंप.
त्याने ते हरलेल्याला सोबत घेऊन
त्याच रात्री संपवलं.

मग एक काळा थर, चार बोटं.
चव्वेचाळीस, पंचेचाळीस.
इथे बटाटे लावले होते, जाळी मासे धरायला गेली होती.
आणि पलीकडे भट्टीच्या आवारात
तीन आठवडे माणसं ठेवली, गावातलीच,
वाइनबेर्गर त्यांच्यात, स्वतःच्या विटांना टेकून बसलेला.
मग मालगाडी आली.
इथे व्हेंडेल फावडं हळू चालवतो.

त्याच्या वर पुन्हा लाल, पण फिकट.
चषकाला ट्रॅक्टर कारखान्याचं नाव मिळालं.
एमेशे डोबोशने भावाच्या रॅकेटने
ओळीने चार वर्षं सगळ्यांना धूळ चारली,
आणि बक्षीस म्हणून चार वेळा
तोच प्रेशर कुकर.

आणि छप्पन्न.
छप्पन्नची फायनल अजून संपलेली नाही.
ऑक्टोबर, ऊन उतरलेलं, पाचवा सेट,
केलेमेनचा मॅचपॉइंट. चेंडू कोपऱ्यात पडला.
पंच उंच खुर्चीवरून उतरेपर्यंत,
त्यांचा गुडघा वाईट होता,
समोरच्या खेळाडूने ठशावरून बूट फिरवला.
पॉइंट पुन्हा खेळा, म्हणाले.
मग अंधार पडला. उरलेलं उद्या, म्हणाले.
उद्या बुडापेस्टकडून आवाज आले,
आणि आठवडाभरात केलेमेन सीमेपार, दलदलीतून,
रॅकेट मागे ठेवून.

समोरचा खेळाडू कोण, ते व्हेंडेल सांगत नाही.
क्लबात सगळ्यांना ठाऊक आहे.

वरचे थर पातळ आहेत, भराभर वाचता येतात.
अठ्ठ्याऐंशीत पैसा आला:
डॉलर, पाकिटातून, सही करून.
जगात चारशे बारावा, चारशे तिसावा
अशी पोरं गाडीत झोपायची,
नळावर मोजे धुऊन कुंपणाला वाळत घालायची.
हरलं की रात्रीच निघायची,
पुढल्या गावच्या लाल मातीकडे.
दोन हजार नऊमध्ये परवाना विकला गेला.
आता ती स्पर्धा वाळवंटातल्या एका शहरात होते,
छपराखाली, निळ्या कोर्टवर,
जिथे चेंडू मागे काहीच ठेवत नाही.

काळ्या दगडावरची रेघ नव्हे ही.
इथे दर संध्याकाळी सगळं पुसायचं,
बाहेरून आत, गोल गोल, झाडू ओढत,
आणि सकाळी रेघा पुन्हा मारायच्या.
तो एक कोपरा व्हेंडेल नेहमी शेवटी घेतो.

क्लीव्हलंडहून एक पत्र आलं होतं, त्र्याऐंशीत.
अवजारांच्या खोलीत खिळ्याला टोचलेलं आहे.
एकच ओळ: तू पाहिलं होतंस.

मी विचारलं, आत होता?
त्याने खड्डा बुजवला, पायाने दाबला,
वर मूठभर भुकटी चाळली.
“आत होता,” तो म्हणाला,
गाडी चुकल्याचं सांगावं तसं,
आणि नळ सोडला.
पाणी मुरायला इथे वेळ लागतो.
आम्ही उभे राहिलो.