सुकती

गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं,
सेकंदाला पन्नास फ्रेमने शूट करायचं,
मग टाइमलाइनवर वेग अर्धा करायचा.
ओठ जुळतात, बाकीचं जग सावकाश होतं.
आयडिया माझी. म्हणून शिव्याही मलाच.

सारसोळेची जेट्टी, रविवार, सकाळचे साडेसहा.
कल्पेश घरतच्या कडेवर
बहिणीच्या हळदीतला स्पीकर,
आणि त्यातून आमचं विरहगीत
उंदराच्या आवाजात.
दुर्वा त्यावर भराभर ओठ हलवते,
जणू बाई वर्गातून निघायच्या आत
एकोणतीसचा पाढा संपवायचाय.
ओढणी हळुवार सोडायची असते,
ती सोडते गरम तवा सोडावा तशी.
क्लॅप नव्हता, डब्याचं झाकण आपटत होतो.
पुन्हा, मी म्हणते. पुन्हा.
कॅमेरा भाड्याचा, बॅटऱ्या दोनच,
अल्फियाच्या मानेवर पट्ट्याचा लाल वळ,
आणि फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात
जाळं शिवत बसलेले हिरामणकाका.
जरा सरकता का, विचारलं.
"तुमचा शिनेमा सरकवा.
मी चालीस वर्सां याच पायरीवर बसतंय."

मग काकाही गाण्यात आले.

कोपरखैरणे, रात्रीचे दोन.
लॅपटॉपखाली दोन वह्या, खालून हवा लागावी म्हणून.
वेग अर्धा केला
आणि तीच ओढणी उतरली.
तवा कुठेच नाही,
नुसतं हातातून सुटणं.
चौथ्या टेकला शिंक न आवरलेली दुर्वा
कुणाची तरी वाट पाहत होती.
कुणाची? ते आम्ही ठरवलंच नव्हतं.
मागे बगळा उडायला अख्खं धृपद घेतो.
काकांची सुई वर जाते,
दोरा तिच्यामागून येतो
लहान मूल शाळेत जातं तसा.
खरं तर त्यांचे हात दिसतही नव्हते,
इतके झरझर चालत होते.

दुसऱ्या कडव्यात ओठ दोन फ्रेम मागे.
दोन फ्रेम म्हणजे काहीच नाही,
तरी कळतं.
फोनवर "बरी आहे" म्हटलं की आईला कळतं तसं.
झाकणाच्या आवाजाचं टोक
टोकाला लावलं. सरकवलं. कापलं.
सव्वीस टेकमधले तेवीस गेले.
एकात कल्पेश हसत हसत फ्रेममध्ये घुसलेला,
स्पीकरला बाळासारखं थोपटत.
तो सहा वेळा पाहिला
आणि काढला.

जमा केलं. सरांनी रंगांबद्दल लिहिलं.
दहापैकी साडेसात.

पुढच्या रविवारी काकांना मोबाइलवर दाखवलं.
उन्हात दिसेना, म्हणून त्यांनी
स्क्रीनवर तळहाताची सावली धरली.
बोटांना मासळीचा वास.
वाटलं, आता स्वतःला शोधतील.
ते पाणी बघत होते.

"पयल्या कडव्याला भरती," म्हणाले.
"वढनी सुटली तवा सुकती, चिखल दिसतंय.
मंग परत भरती.
तीन मिंटान?"

काका, वेगवेगळ्या वेळी शूट केलंय,
नंतर जोडलंय, मी समजावलं.
सरांना नव्हतं दिसलं हे, तेही सांगितलं.

त्यांनी मोबाइल परत दिला, सुई उचलली.
"म्हंजे बारा तास ती पोर उभी व्हती.
मंग ता का नाय दावलंस?"

रात्री टाकाऊचा फोल्डर उघडला.
तेवीसही टेक वेळेप्रमाणे ओळीने लावले,
मूळ वेगाने,
वर गाणं चढवलं नाही.
झाकण आपटतं. उंदीर गातो.
पुन्हा, म्हणते मी, माझाच आवाज,
किती खेकसल्यासारखा.
दुर्वा केस बांधते, पाणी पिते, उभी राहते.
दुर्वा एका पायावरून दुसऱ्यावर येते.
तिच्यामागे पाणी उतरत असतं.
अकराव्या टेकला चौथी पायरी दिसते,
शेवाळलेली,
तिच्यावर कुणाची तरी एकच चप्पल.