काट्यावर शून्य

रॉदरहॅमच्या यार्डात सकाळी सव्वासातला
फ्रिज उभेच्या उभे उतरतात,
दारं पट्टीने आवळलेली,
जबडा बांधून आणावा तशी.

आधी आत बघायचं, नियम आहे.
मोहरीच्या सॉसची बाटली. अर्धं लिंबू, लाकूड झालेलं.
अंड्यांच्या खाचेत टॉर्चचे दोन सेल.
प्रत्येक घराचा वास वेगळा.
ग्लेनिस म्हणाली होती, होईल सवय.
सहा वर्षं झाली. सवय नाही झाली.

मग सुई.
कॉम्प्रेसरजवळच्या नळीला टोचायची
आणि थांबायचं.
गॅस दिसत नाही,
नुसता काट्यावर आकडा चढतो:
नव्वद ग्रॅम, शंभर, एकशे दहा.
अर्धी वाटी साखर भरेल एवढं वजन,
एवढ्यावर एका घराचं दूध वीस वर्षं नासलं नाही.
तेल काळं निघतं, ते दुसऱ्या पिंपात.
आणि भिंतीतला पिवळा फोम बंद खोलीतच दळायचा,
त्याच्या बुडबुड्याबुडबुड्यात
तोच चोर दडून बसलेला असतो.

काल एक आला, सायीच्या रंगाचा.
सोड्याने पुसलेला, रबराच्या घड्यासुद्धा कोरड्या,
पाठवणीआधी न्हाऊ घातल्यासारखा.
भाजीच्या खणात चिठ्ठी, थरथरत्या अक्षरात:
‘अजून चालतो. दिवा अडकतो कधी,
तेव्हा हलकी चापट मारा.
मिसेस ओल्डरॉइड.’

मी सुई घेऊन मागे गेले.
मागे काही नव्हतं.
कॉम्प्रेसर नाही, नळ्या कापलेल्या,
कटरच्या दाताचे ठसे ताजे.
रात्रभर फुटपाथवर उभा होता बिचारा,
कौन्सिलच्या गाडीची वाट बघत.
तांब्याचा भाव वाढलाय परत, ग्लेनिस म्हणाली,
आणि फॉर्म पुढे केला.
गॅस: शून्य.
तेल: शून्य.

जे सांडलं ते जमिनीवर नव्हतं, पुसणार कुठे?
वर पाहिलं. रोजचंच आभाळ,
राखाडी, कुणाचं नाव न सांगणारं.

फोम दळायला पाठवण्याआधी
दिव्याला एक हलकी चापट मारली.
वायर कुठे होती, वीज कुठे होती.
तरी.

रात्री घरचा फ्रिज धडधडून सुरू झाला.
अंधारात पडल्या पडल्या ऐकत राहिले,
तो आपणहून थांबेपर्यंत.