राईतल्यांचं मीठ

शिगमा उतरला की पहिल्या वाफ्याचं मीठ त्यांचं.
दोन पायल्या. करडं, चिखलाचा वास न गेलेलं.
पांढरं त्यांना चालत नाही, असं अंबाय म्हणायची.
अंबाय माझी नणंद. तिनेच मला वाट दाखवली:
म्हापशाहून डिचोली, डिचोलीहून साखळी,
वाळपईला कदंबची बस सोडायची,
मग पायी,
मग अनवाणी,
मग बोलणं बंद.

जिथे झाडांची मुळं पाण्यातून गुडघे वर काढून बसलेली असतात
तिथून त्यांचं राज्य.
एक सपाट दगड आहे. त्यावर मीठ ठेवायचं, पाठ करायची,
शंभरापर्यंत मोजायचं. मी ऐंशीच्या पुढे नेहमी चुकते.
वळून पाहावं तर मीठ नाही,
आणि पानात बांधलेला मध, किंवा रामपत्रीची लाल जाळी,
एकदा नुसतंच एक पीस,
ज्याचा पक्षी आमच्या गावात कुणालाच ओळखता आला नाही.

आम्हाला ठाऊक आहे ते सगळं ऐकीव:
की ते वेतासारखे उंच, आणि कान पानासारखे, टोकाला वळलेले.
की ते घर बांधत नाहीत, वेली वळवून ठेवतात,
पणतू जन्मेपर्यंत त्यांची भिंत होते.
की राजा तो, ज्याच्या खांद्यावर पावसात आधी शेवाळ धरेल;
शेवाळ सुकलं की राज्य संपलं. भांडण नाही.
की त्यांच्या भाषेत ये आणि जा एकच शब्द.
याचं मला काही नवल वाटलं नाही.

पण मीठ कशाला?
बसमध्ये विचारलं होतं मी, रिकामी टोपली मांडीवर घेऊन.
जेवणात घालत असतील तर दोन पायल्यांत
अख्खं राज्य वर्षभर कसं जेवेल?
अंबाय खिडकीतून खाणीच्या ट्रकांची लाल धूळ बघत होती.
म्हणाली, "त्यांच्या डोळ्यांत मीठ नसतं गो.
शेकडो वर्षं जगतात, पण कधीतरी एखादा जातोच.
मग रडायला लागतं ना काहीतरी.
विकत घेतात."

मी हसले होते.
त्या साली झिलू होता,
आगराचा बांध आम्ही दोघं पायांनी चोपायचो,
सांजेला त्याच्या पोटऱ्यांवर मीठ फुललेलं असायचं.

झिलू कार्तिकात गेला. तीन दिवसांचा ताप.
अकराव्याला मी बांधावर होते.
लोक म्हणाले, बाईचं काळीज बघा.
मी काय सांगणार? शेजारच्या आगरात कोळंबीचं तळं झालंय,
त्यांचं पाणी आमच्यात झिरपतं, बांध कुणी बघायचा?
यंदा एकच वाफा धरला. एक पायलीसुद्धा नीट भरली नाही.
अंबायचे गुडघे गेलेत. मी एकटीच निघाले.

दगडावर मीठ ठेवलं. पाठ केली.
एकोणऐंशी, ऐंशी,
मग ते अडतीस की अठ्ठ्याऐंशी, काय माहीत.
वळले.

मीठ तिथेच होतं. कुणी हात लावला नव्हता.
शेजारी एक पान दुमडलेलं, वेलीच्या गाठीने बांधलेलं,
आत चिमूटभर मीठ. करडं, आमचंच,
पण ओलं.
कुणाच्या तरी डोळ्याला लागून आलेलं.

त्यांना कुणी सांगितलं असेल?
मी तर कंडक्टरलाही अर्धं तिकीट पुरेल का एवढंच विचारलं होतं,
गंमत म्हणून, झिलू विचारायचा तसं.

जिभेवर ठेवलं. खारं होतं, आणि थोडं हिरवंही.
मग तिथेच, त्या गुडघ्यांच्या मुळांत बसून
मी जे काही केलं ते माझ्यापाशी.

उठले तेव्हा उन्हं कलली होती.
दगडावरचं मीठ तसंच राहू दिलं. लागेल त्यांना.
आणि नियम मोडून, मोठ्याने म्हटलं, "येते."
आतून कुणीतरी एकच शब्द उच्चारला.
ये की जा, ते कळलं नाही.

साडेपाचची बस चुकली.
स्टँडवर चहा घेतला, साखर नको म्हटलं.