काट्यावर

जिनिंगच्या काट्यावर डॉल्फिन चढवली,
एकेक चाक वेगळं.
"डावं जड हाये," देवमन मिस्त्री म्हणाला,
"तू बसल्यावर आखीन होईन."

स्टेपनी गेली. मागची सीट गेली.
रेडिओशी त्याचा पाना रेंगाळला;
सत्त्याऐंशीत त्यानंच बसवलेला.
सीटखाली निघाली सरकी
आणि बाबांच्या चष्म्याची एक काडी.
ती मी खिशात टाकली,
वजनात धरली नाही.

मग ब्रेक.
"दाब."
"धर."
काळं तेल नळीतून बाटलीत, बुडबुड्यांसकट.
"सोड."
ऊन उतरेस्तोवर एवढेच तीन शब्द.

रविवारी जुन्या धावपट्टीवर सहा फेऱ्या.
बक्षीस नाही, चहा आपापला.

दारावर चुन्यानं आकडा काढता काढता
मिस्त्री थांबला:
"पटाच्या बैलाले आदल्या राती चारा कमी देतेत.
पेट्रोल किती भरू?"