उलटा-सुलटा

एल्गुजा न्हावी आला तो दाढीच्या वाटीत पंप घेऊन.
"गुणगुणतो," म्हणाला, "पण फिरत नाही.
कालपासून मासे वर येऊन तोंडं वासतायत,
गिऱ्हाइकं म्हणतात, आधी त्यांचं बघ."

मी रेडिओ दुरुस्त करते. पाण्याशी माझं वैर.
पण कुताइसीच्या या गल्लीत
ज्याच्या दारात सोल्डरिंगचा धूर, त्याच्याच गळ्यात सगळं:
इस्त्र्या, बोलक्या बाहुल्या,
एकदा तर कुणाची कवळी.

वायर तपासली. वीज पोचतेय.
हातात धरला तर तळव्यात घुंगुरटं कोंडल्यासारखा
थरथरतोय, जागचा हलत नाही.
झाकण काढलं. बोटभर लोहचुंबक, त्याला चार पाती,
मधून काडीएवढी चिनी मातीची दांडी.
बोटाने फिरवला:
पाव वळसा गेला, खटकन मागे आला,
बोलता बोलता जीभ चावलेल्या माणसासारखा.

आधी क्षार. जुन्या किटलीत धरतो तसा थर.
व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला.
एल्गुजाने वास घेतला,
"ही तर माझ्या सासऱ्याची वाईन."
तासाभराने घासला. दांडीला तडा नाही.
जोडला. गुणगुण. थरथर. बस्स.

मग भिंग लावलं.
पात्यांच्या मुळाशी, करकचून,
केस.

मी चिमट्याने ओढत गेले,
तो वर्तमानपत्रावर मांडत गेला.
"हा वाख्तांग बेकरीवाला, धुतला तरी पीठ जात नाही.
हा माझा.
हा पाद्र्याचा, दाढीतला, कुणाला सांगू नकोस."
मग एक लांब, तांबूस. संपता संपेना.
त्यावर तो काही बोलला नाही.
मीही विचारलं नाही. त्याची धाकटी पोलंडला गेली
त्याच्या आदल्या दिवशी त्याच खुर्चीत बसली होती
आणि म्हणाली होती, सगळे काप.
गल्लीला माहीत आहे.

झाकण न लावताच बादलीत बुडवला, बटण दाबलं.
एक झटका, दोन,
आणि फिरला.
"अगं, उलटा!" एल्गुजा ओरडला.
मी म्हटलं, या छोट्या पंपांना दिशा नसते,
सुरू होताना जिकडे कल जाईल तिकडे.
पाणी दोन्हीकडून येतं.
त्याचा विश्वास बसेना. बंद केला, चालू केला: सुलटा.
पुन्हा: उलटा.
सात-आठ वेळा तरी केलं त्याने, मुलासारखं.

पैसे मी घेतले नाहीत.
वाटी छातीशी धरून, पाणी ठिबकवत,
तो रस्ता ओलांडून गेला.
वर्तमानपत्र आवरायला घेतलं तर
वाख्तांग होता, पाद्री होता,
एल्गुजा स्वतः होता.