शिवाय

एक्केचाळीस नंबरचा गणवेश अजून माझ्या दांडीवर आहे.
निळा. डाव्या खिशाचं बटन मीच लावलेलं,
दोरा जरा वेगळा, जवळून पाहिलं तर कळतो.

जहरात माझी लाँड्री. समोर अग्निशमन केंद्र,
मधे फक्त रस्ता आणि एक बोरीचं झाड.
इथे तिला सिद्र म्हणतात; बोरं मात्र गुहागरसारखीच, तुरट.
बावीस वर्षं मी या लोकांचे कपडे धुतो.
धूर सगळ्यांचा दुसऱ्या पाण्यात निघतो,
घाम ज्याचा त्याचा.
मुतलकचा कपडा डोळे मिटून ओळखायचो:
वेलची, डिझेल, थोडं उंटाचं दूध.
"अबू बटन," तो हाक मारी, "खळ घालू नकोस रे,
कडक कपड्यात माणसाला वाकता येत नाही."

त्या गुरुवारी भाजीबाजारात स्फोट झाला
तेव्हा माझ्या हातात इस्त्री होती.
काचा थरथरल्या. मग सायरन.
गाडी निघताना त्यानं हात केला, रोजच्यासारखा.
पहिल्या खेपेला त्यानं दोघींना काढलं,
दुसऱ्या खेपेला सिल्हेटच्या नूरुद्दीन हमालाला.
तिसऱ्यांदा आत गेला, आणि
ज्यांनी पहिला ठेवला होता
त्यांनी दुसरा त्याच्यासाठीच ठेवला होता.
वाचवायला येणाऱ्यासाठी.
हे वाक्य मी अजून मराठीत कुणाला सांगितलेलं नाही.
फोनवर बायकोला म्हटलं, मी बरा आहे.

रात्री रक्तपेढीची रांग, पार रस्त्यापर्यंत.
माझ्यापुढे काळा बिश्त पांघरलेले एक म्हातारे,
मागे इजिप्तचा गणिताचा मास्तर, मनिलाची दोन पोरं.
नमाजात हात बांधावे की सोडावे
यावरून एरवी ज्यांचं जमत नाही
ते बाह्या वर सारून एकाच बाकावर.
नर्स लिसम्मानं कुणाचं कार्ड मागितलं नाही.
फक्त गट.
"बी पॉझिटिव्ह," मी म्हटलं.
म्हातारे वळले. "माझाही."
आणि खजूर मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.
बिया त्यांनी स्वतःकडे ठेवली.

सकाळी बातम्यांत आकडा आला:
सहा नागरिक, पाच परदेशी.
मी पुन्हा पुन्हा मोजलं. बारावा कुठाय?

मुतलक बिदून होता.
त्याचा आजा उंटांमागे पाणी शोधत गेला होता
त्या दिवशी कुणी वही घेऊन आलं,
नावं लिहून गेलं.
तेवढ्यावरून तीन पिढ्या.
बिदून म्हणजे 'विना'. आमच्याकडे म्हणतात 'शिवाय'.
मिठाशिवाय, कागदाशिवाय, देशाशिवाय.
पण हाच शब्द आम्ही बेरजेतही घालतो:
हे सगळे,
आणि शिवाय तो.

शुक्रवारी दफनाला सारं गाव लोटलं.
सहकाऱ्यांनी ताबूतावर झेंडा घातला,
कुणाला न विचारता.
मी कपड्याचा माणूस, मापं कळतात मला.
झेंडा त्याला नीट बसला. कुठे ओढावा लागला नाही.
रेडिओ सांगत होता, आपण सारे एक.
मी ऐकत होतो. खरंही वाटत होतं.
ते सोमवारपर्यंत टिकेल का, एवढंच माहीत नव्हतं.

काल त्याचा धाकटा आला, फुहैद, दहा वर्षांचा.
पावती नव्हती त्याच्याकडे.
पावतीशिवाय कपडा मिळणार नाही,
माझ्याच भिंतीवर लिहिलंय, तीन भाषांत.
मी काही न बोलता गणवेश उतरवला.
त्यानं घडी उलगडली, नाक कॉलरपाशी नेलं,
मग काखेत, मग पुन्हा कॉलरपाशी.

"धुतलात," तो म्हणाला.

आणि ठेवून गेला.

धुतला होता मी. दोन पाण्यांतून.
खळ न घालता.